बाबांसाठी, होहेनवार्टबद्दल

प्राग

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, गुडघ्याला शेक देणं सोडू नकोस आणि जिन्याची चढउतार कमी कर. तुला वेगळं लिहितेच आहे, हे पत्र जास्त करून बाबांसाठी.

बाबा, ऑस्ट्रिया-हंगेरीचा विषय निघाला की तुम्ही म्हणता, केंद्र ढिलं पडलं म्हणून ते साम्राज्य मोडलं. इथे राहायला आल्यापासून मला ते पटेनासं झालंय, आणि त्याला कारण काउंट कार्ल होहेनवार्ट.

हा माणूस काही क्रांतिकारक नव्हता. सरदार घराण्यातला, पुराणमतवादी, बादशहाशी एकनिष्ठ, लिंझला राज्यपाल म्हणून काम केलेला. पण फेब्रुवारी १८७१ मध्ये ऑस्ट्रियाचा पंतप्रधान झाल्यावर त्याने थेट राज्यघटनेलाच हात घातला. १८६७ च्या तडजोडीत हंगेरीला ऑस्ट्रियाच्या बरोबरीचा दर्जा मिळाला होता. दोघा थोरल्या भावांनी वाटण्या करून घ्याव्यात आणि बाकीच्या भावंडांना विचारूही नये, तसाच तो प्रकार. चेक नेते व्हिएन्नाच्या संसदेवर बहिष्कार टाकून बसले. हंगेरीच्या मुकुटाला मान, मग बोहेमियाच्या, म्हणजे प्रागभोवतालच्या चेकांच्या प्रांताच्या, मुकुटाला का नाही, हा त्यांचा सवाल होता. होहेनवार्टला तो रास्त वाटला. जुने हक्क आणि राजाच्या शपथा जपायच्या, हे तर त्याच्याच विचारांच्या लोकांचं म्हणणं!

त्याचा व्यापारमंत्री शॅफ्ले चेक नेत्यांशी बोलला. १२ सप्टेंबर १८७१ ला बादशहा फ्रान्झ जोसेफने फर्मान काढलं: बोहेमियाचे हक्क मान्य आहेत आणि राज्याभिषेकाची शपथ घेऊन ते पुन्हा पक्के करायची तयारी आहे. ऑक्टोबरमध्ये प्रागच्या विधानसभेने अठरा कलमं मंजूर केली. सैन्य, परराष्ट्र व्यवहार आणि त्यांचा खर्च सामाईक, बाकी बहुतेक कारभार बोहेमियाचा. जोडीला भाषांचा कायदा: चेक आणि जर्मन दोन्हींना समान हक्क, जिल्ह्यांच्या हद्दी शक्यतो भाषेप्रमाणे.

आणि मग सगळं फिसकटलं. बोहेमियातले जर्मन सदस्य आधीच सभागृहातून निघून गेले होते. व्हिएन्नात गदारोळ झाला. चॅन्सेलर बॉइस्ट विरोधात, हंगेरीचा पंतप्रधान आन्द्राशीही विरोधात, कारण चेकांना दिलं की उद्या हंगेरीतले चेकांचे भाईबंद स्लाव्ह लोकही मागणार. त्यात शेजारी बिस्मार्कचं जर्मन साम्राज्य नुकतंच उभं राहिलेलं, त्यामुळे आपल्या जर्मनांना दुखवायचं भय. बादशहाने माघार घेतली. होहेनवार्टने ऑक्टोबरअखेर राजीनामा दिला. चेक नेते संसदेत परतले ते १८७९ मध्ये.

इथल्या सेंट व्हिटस कॅथेड्रलमध्ये बोहेमियाचा मुकुट ठेवलाय. त्या खोलीच्या दाराला सात कुलुपं आहेत आणि सात किल्ल्या सात वेगवेगळ्या मानकऱ्यांकडे असतात. सगळे एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. फ्रान्झ जोसेफने १९१६ पर्यंत राज्य केलं, पण तो मुकुट त्याच्या डोक्यावर कधीच चढला नाही. बाबा, मला राग येतो तो याचा. चेकांना काही दिलंच नसतं तर ते भांडत राहिले असते. पण राजाने लेखी शब्द दिला आणि महिन्या-दीड महिन्यात फिरवला. त्यानंतर संघराज्याच्या गोष्टींवर त्यांचा विश्वास बसावा तरी कसा?

होहेनवार्टचंही चुकलंच. बोहेमियात दर तिघांमागे एक जण जर्मन, आणि त्यांना सोबत न घेताच करार ठरला. पुढे १८९३ मध्ये तेव्हाचा पंतप्रधान ताफे याने मताधिकार वाढवायचं ठरवलं तेव्हा विरोध करणाऱ्यांत हाच होहेनवार्ट होता, तेही मला खटकतं. प्रांतांना अधिकार द्यायला तो तयार होता, कामगाराला मत द्यायला नाही. तरीही एकोणिसाव्या शतकातल्या त्या मंत्र्यांमध्ये मला तोच जवळचा वाटतो. साम्राज्य टिकावं म्हणूनच तो अधिकार वाटायला निघाला होता.

तुम्ही आन्द्राशीची बाजू घ्याल, ठाऊक आहे मला. पण या वेळी फोनवर नको, सविस्तर लिहून पाठवा. अक्षर लागत नसेल तर तुम्ही सांगा आणि आईला लिहू दे. चष्म्याचा नंबरही तपासून घ्या.

तुमची,
मनू