मामांचा उपचार आणि जमिनीचा व्यवहार

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मामांच्या एचआयव्हीवरील उपचारासाठी माजलगावच्या कालव्याखालची जमीन विकण्याचे बाबांनी बोलून दाखवल्यापासून मला चैन नाही. फोनवर सगळे सांगणे जमले नसते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मामांना कोणी दाखवलेल्या त्या जाहिरातीतील जनुकोपचाराचे, म्हणजे पेशींतील जनुके बदलून करायच्या उपचाराचे, शास्त्र खरे आहे. एचआयव्ही आपल्या सीडी-४ पेशींत, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत, शिरताना बहुतेक वेळा त्यांच्यावरील सीसीआर-५ या प्रथिनाला धरून आत जातो. ज्याच्या शरीरात हे प्रथिन तयारच होत नाही, अशा दात्याच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी २००७ साली बर्लिनमध्ये टिमथी ब्राउन यांना दिल्या गेल्या आणि ते एचआयव्हीमुक्त झाले. परंतु ते प्रत्यारोपण त्यांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी होते, आणि त्यात जिवाला एवढा धोका असतो की केवळ एचआयव्हीसाठी ते कोणी करत नाही.

पुढे पेन्सिल्वेनिया विद्यापीठात १२ रुग्णांच्या स्वतःच्याच पेशी रक्तातून वेगळ्या काढून, त्यांतील सीसीआर-५चे जनुक कापून, त्या पुन्हा शिरेवाटे सोडण्यात आल्या. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींच्या एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या थांबवल्यावर बदललेल्या पेशी न बदललेल्या पेशींपेक्षा सावकाश घटल्या, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पण बहुतेकांच्या रक्तात विषाणू परतला. विषाणू आत शिरला तरी त्याच्या प्रती निघू नयेत, म्हणून त्याचा आरएनए (विषाणूची जनुकीय माहिती असलेला रेणू) तोडणारे जनुक पेशीत घालण्याचेही प्रयोग झाले आहेत. अडचण अशी की सगळ्या पेशी बदलता येत नाहीत, आणि बांधावरची हरळी वरून खुरपली तरी मुळी राहते, तसा विषाणू काही पेशींच्या जनुकांत निपचित पडून राहतो. क्रिस्पर या जनुके कापण्याच्या तंत्राने तो तिथून कापून काढण्याची चाचणीही माणसांवर झाली. गोळ्या थांबवल्यावर तो पुन्हा दिसला.

म्हणून आज हा उपचार पैसे मोजून मिळतो असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सरकारी एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधे देणाऱ्या) केंद्रातील गोळ्या २००४ पासून मोफत आहेत. त्या रोज घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी राहिला, तर मामींनाही त्यांच्यापासून लागण होत नाही. आई, हे मामींना तूच समजावून सांग.

बाबा, व्यवहाराची बोलणी कृपया थांबवा, आणि मामांच्या शेवटच्या व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) तपासणीच्या कागदाचा फोटो मला पाठवा.

तुमची,
मीना