वाड्याचं काम दिवाळीनंतर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, पूर्ण वाचा, मग रागवा. बिल्डरला नकार कळवला आहे. तुम्ही त्याच्याशी बोललात ते आम्हा भावंडांच्या काळजीनंच, हे कळतं मला. पण महाल भागात आपल्या आजूबाजूला पाच-पाच मजले चढले म्हणून आपला वाडा पडायला आला, असं नाही. त्याला सिमेंटनं बिघडवलंय.

वीट-चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंटचा गिलावा बसला की ओल आत कोंडते, लोणा म्हणजे क्षार चढतो, पापुद्रे सुटतात. माजघरात तेच झालंय. त्यात समोरचा सिमेंट रस्ता जोत्याहून उंच, पाणी सरळ देवडीत. म्हणून आधी जोत्यालगत उताराचा चर खणून, गिट्टी भरून पाणी बाहेर काढायचं, भिंत नंतर. क्रम उलटा केला तर पैसे पाण्यात.

नव्या गिलाव्यात एक भाग चुना, एक भाग सुरखी म्हणजे विटांची भुकटी, दोन भाग वाळू. चुना विरवून किमान तीन आठवडे पाण्याखाली ठेवायचा, नाहीतर न विरलेल्या खड्यांचे पुढे भिंतीवर फोड येतात. पंचेचाळीसच्या उन्हात गिलावा ओला राहत नाही, तडकतो. म्हणून दिवाळीनंतर.

खरी भीती तुळयांची. मधे ठणठणीत, पण भिंतीत गेलेली टोकं ठोकली की पोकळ वाजतात, दाभण बोटभर आत जातं. खालून लाकडी बल्ल्यांचा टेकू देऊन भार काढायचा, कुजकं टोक कापून जुन्या सागवानाचा तुकडा सांधायचा, आणि भिंतीतल्या खाचेत टोकाभोवती बोटभर जागा मोकळी सोडायची, वाऱ्यासाठी. ‘पाडा आणि स्लॅब टाका’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवा.

बल्ल्या लागल्या की तिथं राहता येणार नाही. धरमपेठेत होळीपर्यंत तळमजल्यावरचा फ्लॅट घेतलाय. हो, न विचारता. आई, कमोड आहे, शेजारी धरायला दांडाही बसवून घेतलाय. देवघराला पूर्वेचा कोपरा आहे, तुळस कुंडीतून येईल. झोपाळा सगळ्यात आधी उतरवून, गोधड्यांत गुंडाळून ठेवायला सांगितलंय. कड्यांच्या कुरकुरीशिवाय तुला दुपारची झोप लागत नाही, माहीत आहे गं. मलाही कुठं लागायची. चार महिने काढ.

बाबा, कामावर सकाळी नऊ ते अकरा, बस. बल्ल्यांखाली उभं राहायचं नाही. चुना विरत असताना टाकीशी वाकायचं नाही, उकळतो तो, डोळ्यात उडाला तर डोळा जाईल. बीपीची गोळी खाऊनच निघा. खांबांना ऑइलपेंट मुळीच नको. पुसून कच्चं जवसाचं तेल, पातळ हात, दोनदा. आणि उन्हाळ्यात कूलर भिंतीला टेकवायचा नाही, लोखंडी स्टँडवर, वीतभर दूर. त्याच्या गळतीनंच खिडकीखालची भिंत फुगलीय. प्लंबरला मीच फोन करते.

तुमची,
चिऊ