मादी शॅमेलिऑन पाळताय? मग वाळूचा डबा आधीच तयार ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाळीव प्राण्यांवर तुमच्या पेपरात जे येतं ते आमच्या घरात सगळेजण वाचतात, पण ते कुत्रं, मांजर, फारतर लव्हबर्ड आणि फिशटँक इथपर्यंतच असतं. आता नाशकात शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा परदेशी सरडा, पाळणारी मुलं पण आहेत, आमच्या ओळखीतच आहेत, माझ्या मुलीकडेही एक मादी आहे, येमेन-सौदीकडची जात, डोक्यावर उंच तुरा असतो ना तो व्हेल्ड शॅमेलिऑन. या लोकांसाठी एक गोष्ट छापून यायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं म्हणून लिहितेय. मादी असेल तर ती अंडी घालणार. नर घरात असो नाहीतर नसो. सहा महिन्यांच्या आसपास, कधीकधी त्याच्याही आधी ती वयात येते आणि मग पोटात अंडी तयार व्हायला लागतात, आणि ती घालायला तिला खोल ओलसर वाळू मिळाली नाही तर ती अंडी पोटातच अडकून मादी मरते.

सिडकोतल्या एका ओळखीच्या मुलाची मादी अशीच गेली. त्याला विकताना सांगितलं होतं की एकटीच आहे, नर नाही, अंड्यांचा काही प्रश्नच येत नाही. पिंजरा छान होता, झाडं होती, लाईट होते, खाली मात्र नुसता प्लास्टिकचा ट्रे. ती मादी खाली येऊन ट्रेचे कोपरे खरवडत राहिली आणि घरच्यांना वाटलं तिला बाहेर सोडून हवंय म्हणून. त्या पोराचा यात काय दोष, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. फार वाईट वाटलं मला तेव्हा.

तर खुणा सांगते. पोट दोन्ही बाजूंनी फुगतं, नीट बघितलं तर अंड्यांचे उंचवटे दिसतात, अंगाचा रंग गडद होतो आणि त्यावर निळे पिवळे ठिपके उठतात, नर दिसला तर तोंड वासून फुस्स करते. नराशी संबंध आला असेल तर साधारण तीन ते चार आठवड्यांत अंडी घालते. आणि एक लक्षात ठेवा, नराचं बीज ती शरीरात साठवून ठेवू शकते, त्यामुळे एकदा नराजवळ ठेवलेली मादी पुढच्या वेळी एकटी असूनसुद्धा फळलेली अंडी घालू शकते. वेळ जवळ आली की खाणं कमी करते किंवा बंदच करते, पाणी मात्र पिते, आणि एरवी फांदीवरून न हलणारी ती जाळीवर चढ, उतर, खाली जाऊन खरवड असं सारखं करायला लागते. ही खरवड दिसली की डबा लगेच आत गेला पाहिजे, खरं म्हणजे वयात आलेल्या मादीच्या पिंजऱ्यात तो कायमच असावा असं माझं मत आहे, मग धावपळच होत नाही.

डबा म्हणजे काही महागडी वस्तू नाही. साधारण एक फूट लांब रुंद आणि एक फूट तरी खोल असलेला कुठलाही टब किंवा बादली चालते, फक्त पारदर्शक नको. आत धुतलेली बारीक वाळू, नाहीतर वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून. ओल किती ठेवायची ते असं बघा, मिश्रणात हाताने आडवं बोगद्यासारखं भोक पाडायचं, ते ढासळलं नाही आणि खाली पाणी पण साचलं नाही की बरोबर जमलं. कोरडी वाळू ढासळते आणि मादी आत असताना तिच्या अंगावर बसते. आता आपल्या नाशिकचं सांगायचं तर नर्सऱ्यांना तोटा नाही, पण तिथली गुलाबा-द्राक्षांसाठी तयार केलेली माती आणू नका, त्यात खत, औषध काय काय घातलेलं असतं. नुसतं कोकोपीट घ्या, भिजवा, पिळा. आणि बिल्डिंगच्या साईटवर हल्ली बहुतेक क्रश सँडच असते, दगड फोडून केलेली, तिचे कण धारदार असतात, पंजे सोलवटतील, ती नकोच. नदीची गोल कणांची वाळू थोडी मिळाली तर चाळून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन वापरायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एकांत. घरात बाळंतीण असली की आपण दार लोटून घेतो, आल्यागेल्याला आत सोडत नाही, इथे पण तसंच करायचं. शॅमेलिऑनचे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात, तुम्ही मागून आलात तरी तिला दिसता, आणि कोणी बघतंय असं वाटलं की ती खणलेलं बीळ अर्धवट सोडून वर येते आणि मग अंडी धरून ठेवते. पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी चादर लावा, मोबाईल घेऊन व्हिडिओ काढायला जाऊ नका, शेजारच्या मुलांना दाखवायला आणू नका. लांबून फटीतून एकदा बघितलं तर चालेल. पुढच्या पायांनी माती उकरते, मागच्यांनी बाहेर ढकलते, डोकं आत घालून पार तळापर्यंत जाते, मग आत वळून अंडी घालते आणि शेवटी माती परत ओढून पायांनी दाबून अशी सारखी करते की इथे कोणी खणलं होतं हे पण कळू नये. याला एखादा दिवस लागतो, कधी रात्रभर ती बिळातच झोपते, तर घाबरून ओढून काढू नका. बीळ बुजवायच्या आत तिला उचलणं म्हणजे तिच्या सगळ्या कष्टावर पाणी. वर आली की अंगाला माती लागलेली, पोट एकदम खपाटीला गेलेलं, बघूनच जीव कळवळतो.

आता थंडी. आपल्याकडे डिसेंबर जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो, निफाडला तर त्याहून खाली, आणि हा प्राणी अंगात उष्णता तयार करत नाही, बाहेरून घेतो. गार वाळूत ती अंडी घालायला तयार होत नाही. खोली रात्री १८-२० अंशाच्या खाली जाऊ देऊ नका, पण हीटर सरळ पिंजऱ्यावर रोखू नका, हवा कोरडी पडते. दिवसा यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची ट्यूब लागतेच, कारण त्याशिवाय अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि डी३ नसलं तर खाल्लेलं कॅल्शियम लागू पडत नाही. खिडकीशी ठेवलंय, ऊन येतंय ना असं बरेच जण म्हणतात, पण काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. सकाळी गॅलरीत जाळीच्या पिंजऱ्यात कोवळं ऊन दिलं तर उत्तम, बाजूला सावली ठेवून. काचेच्या टाकीत उन्हात ठेवलं तर आत भट्टी होते, ते कधीच करू नका.

धोका कधी समजायचा? दिवसा डोळे मिटून बसली, फांदी सोडून तळाला पडून राहिली, डोळे आत गेले, विष्ठेतला पांढरा भाग केशरी झाला, किंवा खणून खणून सोडते पण अंडी येत नाहीत, नाहीतर बीळ न करता वरूनच एक दोन अंडी टाकली, तर एक दिवस पण थांबू नका. अंडी अडकायची कारणं बहुतेक हीच, जागा नाही, कॅल्शियम कमी, पाणी कमी, थंडी, नाहीतर मादी जास्त लठ्ठ. डॉक्टर एक्स-रे काढतात, त्यात अंडी दिसतात, मग सलाईन, कॅल्शियम, गरज पडली तर ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा आणणारं इंजेक्शन, आणि शेवटी ऑपरेशन. ऑक्सिटोसिन ऐकून कोणी गोठ्यातून इंजेक्शन आणून टोचू नका प्लीज, अंडं आडवं अडकलं असेल किंवा कॅल्शियम कमी असेल तर त्याने जीव जातो, ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

अंडी घातल्यावर आधी पाणी. हे प्राणी वाटीतलं पाणी बहुतेक पीत नाहीत, पानावरचे थेंब चाटतात, त्यामुळे फवारा जास्त वेळ मारायचा किंवा थेंब थेंब पडेल असं ड्रिपर लावायचं. मग कॅल्शियम पावडर लावलेले किडे, पहिले काही दिवस पोटभर. त्यानंतर मात्र हात आखडता घ्यायचा, आणि इथे माझं अनेकांशी पटत नाही. लोकं मायेने रोज डिश भरून किडे घालतात आणि वर गरम बल्ब, आणि जेवढं खाणं आणि उष्णता जास्त तेवढी अंडी जास्त. व्हेल्ड मादी एका वेळी २० पासून ७० पर्यंत अंडी घालते, वर्षातून पुन्हा पुन्हा घालते, आणि त्यातच तिचं शरीर झिजून ती नरापेक्षा लवकर जाते. पोटात अंडी नसताना मोठ्या मादीला एक दिवसाआड तीन चार किडे आणि बसायची गरम जागा २७-२८ अंश, एवढं पुरतं. उपाशी ठेवणं नाही हे, तिचं आयुष्य वाढवणं आहे.

अंडी उबवायची हौस असेल तर आधी नीट विचार करा. ती वळवायची नसतात, वर आलेली बाजू पेन्सिलने खूण करून तशीच ठेवायची, ओलसर व्हर्मिक्युलाईटमध्ये (ओल धरून ठेवणारे हलके खनिजाचे दाणे) २६ ते २८ अंशाला सहा ते नऊ महिने. पिल्लं चाळीस निघाली तर पुढे प्रत्येकाला वेगळं घर लागतं, एकत्र ठेवली की ताणाने मरतात. माझ्या मते घरगुती पाळणाऱ्याने या भानगडीत पडू नये. शिवाय कायदा आहेच, शॅमेलिऑन सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात, २०२४ मध्ये त्याचे नियमही आले, पिल्लं झाली तर तीही कळवायची. विकणारा कागद देत नसेल तर घेऊ नका.

आणि आपला इकडचा घोयरा सरडा, तो तर पाळायचाच नाही. तो आपलाच शॅमेलिऑन आहे, वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, घरी ठेवणं गुन्हा आहे. नाशिकच्या आजूबाजूला माळावर, बांधाच्या झुडपात दिसतो. त्याची मादी पण अंडी घालायला झाडावरून उतरते आणि जमीन खणते, आणि डुलत डुलत इतकी सावकाश रस्ता ओलांडते की गाडीखाली येते, नाहीतर विषारी म्हणून लोक दगड घालतात. त्याला अजिबात विष नसतं. दिसली तर गाडी थांबवा, जिकडे चाललीये तिकडेच काठीवर घेऊन सोडा, बस. आजारी वाटली म्हणून घरी आणू नका, खणायची जागा शोधत असेल बिचारी. जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा.

शेवटी दोन विनंत्या आहेत. एक दुकानदारांना, मादी विकताना तिच्याबरोबर वाळूच्या डब्याचं सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि दुसरी तुम्हाला. आमच्यावर वेळ आली तेव्हा सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर कोण हे विचारत फिरावं लागलं, कोणी म्हणे पुण्याला न्या, कोणी म्हणे मुंबईला न्या, आणि असल्या जीवाला घेऊन कसारा घाट उतरायचा म्हणजे काय ते विचारूच नका. नाशिक शहरात आणि जिल्ह्यात असे प्राणी बघणारे पशुवैद्य कोण कोण आहेत, एक्स-रे कुठे निघतो, रात्री कोण उघडं असतं, एवढी यादी थंडी वाढायच्या आत तुम्ही छापलीत तर फार उपकार होतील.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक