"शेवटी सिझेरियनच झालं ना?"

प्रिय ताई,

बाळ पुढच्या आठवड्यात वर्षाचं होईल. आभार मानायला इतका उशीर का झाला, याचं खरं कारण सांगते. तुम्ही माझ्या डूला, म्हणजे बाळंतपणात आईच्या सोबतीला राहणाऱ्या बाई; पण आभार नेमके कशाचे मानायचे तेच मला उमगत नव्हतं. "डूला ठेवली होतीस ना? तरी शेवटी सिझेरियनच झालं ना?" असं कुणी म्हटलं की मी ओशाळं हसायचे. जणू तुम्ही माझी शिकवणी घेतलीत आणि मी नापास झाले. परवा तोच प्रश्न पुन्हा आला आणि या वेळी मला उत्तर सुचलं. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे.

पहिल्या भेटीत तुम्ही आधी काय करणार नाही, त्याची यादी दिलीत. आतून तपासणार नाही, औषध सुचवणार नाही, डॉक्टरांशी माझ्या वतीने वाद घालणार नाही. मग करणार तरी काय, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तुम्ही म्हणालात, "कळा वाढल्या की मी येईन, आणि मग उठून जाणार नाही." मला ते किरकोळ वाटलं. बसून राहायला काय लागतं!

काय लागतं ते त्या रात्री कळलं. नर्सची पाळी बदलली, डॉक्टर येऊन तपासून जात होत्या, नवरा कधी फॉर्म भरायला तर कधी नुसताच घाबरून बाहेर जात होता. माझ्या कमरेवरचा तुमचा तळहात तेवढा हलला नाही. बाळाची पाठ माझ्या पाठीकडे होती, त्यामुळे सगळ्या कळा कमरेतच. प्रत्येक कळ आली की तुम्ही माकडहाडाच्या वर हाताने रेटून धरायचात आणि ओसरली की सोडायचात. मधल्या वेळात मला हात-गुडघ्यांवर ओणवं करायचात, कधी कुशीवर वळवायचात. दुखणं थांबलं नाही, पण त्याला कड मिळाली. श्वास मोजायला लावलात तेव्हा मी "गप्प बसा हो!" असं ओरडले होते. तुम्ही खरंच गप्प बसलात आणि पुन्हा कधी आकडे मोजले नाहीत. (डूला हा शब्द ग्रीकमधला, अर्थ दासी किंवा सेविका. मला तो पटत नाही. दासीने मला दोनदा दटावून पाणी प्यायला लावलं नसतं.)

मध्यरात्री तपासणी झाली, गर्भाशयाचं तोंड चारच सेंटीमीटर उघडलेलं. मला रडू फुटलं, एवढ्या तासांत एवढंच? तुम्ही सांगितलंत की खरा वेग साधारण पाच सेंटीमीटरनंतर येतो. तासाला एक सेंटीमीटर हा जुना हिशेब प्रत्येकीला लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये म्हटलं आहे. हे तुम्ही धीर देण्याच्या सुरात नाही, तर आगगाडीची वेळ सांगावी तसं सांगितलंत. म्हणूनच धीर आला.

मग पहाटे बाळाचे ठोके खाली जायला लागले. खोलीत एकदम माणसं वाढली आणि सगळे माझ्या डोक्यावरून बोलू लागले. तुम्ही माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणालात, "विचार त्यांना, प्रश्न विचारण्याइतका वेळ आहे का?" मी विचारलं. डॉक्टर थांबल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दोन मिनिटं आहेत." त्या दोन मिनिटांत त्यांनी काय होतंय, का होतंय ते मला नीट सांगितलं आणि मी हो म्हटलं. ते 'हो' माझं होतं. ताई, माझं उत्तर इथे आहे. माझं पोट कापलं गेलं, पण मला न विचारता नाही.

आत एकालाच सोडत होते. तुम्ही नवऱ्याला पुढे केलंत आणि जाता जाता बजावलंत, "तिच्या डोक्याशी बसा, काय चाललंय ते सांगत राहा, आणि बाळ आलं की तिच्या गालाला लावायला सांगा." एरवी बोलताना अडखळणारा हा माणूस त्या दिवशी क्रिकेटच्या समालोचकासारखा बोलत होता.

नंतर मी वाचत बसले. प्रसूतीत सतत सोबत असण्याविषयी २०१७ मध्ये कोक्रेनचा, म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आला, १७ देशांतल्या २६ अभ्यासांचा, १५ हजारांहून जास्त बायकांचा. सोबत असली की सिझेरियनचं प्रमाण कमी होतं, कळांचा काळही थोडा घटतो, असं त्यात दिसलं. ते वाचून आधी पुन्हा खट्टू झाले, मी त्या सरासरीच्या बाहेरची! पण त्याच आढाव्यात हेही होतं की सोबत लाभलेल्या बायकांच्या मनात बाळंतपणाची कडवट आठवण कमी राहते. त्यात मी नक्की बसते.

घरी आल्यावरचं तर कुणी विचारतच नाही. सगळे बाळाला बघायला येत होते, तुम्ही मला बघायला आलात. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला बगलेत धरून पाजायला शिकवलंत. नुसतं बोंड नाही, त्याच्याभोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा, हे दाखवलंत. चौथ्या दिवशी मी विनाकारण रडत होते तेव्हा म्हणालात, "हे बहुतेक जणींना होतं, दोन आठवड्यांत ओसरतं." तिसऱ्या आठवड्यात आलात तेव्हा ते ओसरलं नव्हतं. बाळ झोपलं तरी मला झोप नव्हती, आणि मी ते हसून लपवत होते. तुम्ही एडिनबरो प्रश्नावलीचा, म्हणजे बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरणाऱ्या प्रश्नांचा, कागद काढलात. दहा प्रश्न. शेवटचा, स्वतःला इजा करावीशी वाटते का, याच्यापाशी माझं पेन थांबलं. तुम्ही उपदेश केला नाहीत, मिठीही मारली नाहीत. "हे माझ्या आवाक्यातलं नाही," म्हणालात आणि माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावलात. आज मी बरी आहे. माझे उपचार तुम्ही केले नाहीत, पण तो फोन झाला नसता तर ते सुरू कधी झाले असते, कोण जाणे.

आणि तुमची ती वही! निरोप घेताना तुम्ही त्या रात्रीची पानं फाडून मला दिलीत. कळांच्या वेळा, मी काय बोलले, कुठल्या कुशीवर होते, सगळं. 'पहाटे ३:१०. मला गप्प बसायला सांगितलं. ताकद आहे.' त्यानंतरच्या नोंदी मला भूल दिल्यावरच्या, बाहेरच्या बाकावर बसून लिहिलेल्या. शेवटची ओळ मी अजून अधूनमधून काढून वाचते: '५:४२. बंद दारातून ऐकू आलं. आवाज आईवर गेलाय.'

तुमची,
पानांतली 'ती'