सीपॅपचा पट्टा आवळू नका

महोदय,

झोपेत श्वास अडकणाऱ्यांना मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र अनेक घरांत कपाटातच पडून राहते. दोष बहुधा नाकावरच्या मास्कचा असतो. हवा गळली की लोक पट्टा आवळतात. त्याने मास्कच्या कडेची सिलिकॉनची गादी चपटी होऊन गळती वाढते, नाकावर व्रण पडतो तो वेगळाच. मास्क आडवे होऊन, यंत्र चालू ठेवून बसवावा. पट्टे आधी सैल, मग थोडे थोडे ओढावेत. चेहऱ्याच्या तेलानेही गादी सरकते, म्हणून ती रोज सौम्य साबणाने धुवावी. मास्कवरची बारीक छिद्रे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाण्यासाठी असतात. ती चिकटपट्टीने बुजवणे धोक्याचे! सकाळी तोंड कोरडे पडत असेल तर हवा तोंडावाटे निसटत असावी. अशा वेळी नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कबद्दल डॉक्टरांना विचारावे.

– एक श्वसनोपचार तंत्रज्ञ, पुणे