लालबाग, मुंबई 12 : एका दिवसाच्या सोबतीबद्दल काकांना आभाराचे पत्र

तीर्थस्वरूप काका यांस,
सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका सकाळी भारतमाता सिनेमाच्या सिग्नलपाशी जुने पोस्टकार्ड हातात घेऊन उभ्या असलेल्या एका अनोळखी मुलीला आपण आपला अख्खा दिवस दिलात, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. फोनच केला असता, पण चौदा वर्षे कापडगिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या आवाजात काढलेल्या आपल्या कानांना फोनवरचे बोलणे धड कळत नाही, हे त्याच दिवशी माझ्या लक्षात आले होते. आपली नात हे पत्र गॅलरीत बसून मोठ्याने वाचून दाखवणार आहे, म्हणजे शेजारीपाजारीही ते ऐकणार. त्याला माझी काहीच हरकत नाही.

पोस्टकार्ड माझ्या आजोबांचे होते, 1971 साली त्यांनी देवरुखजवळच्या आमच्या गावी आजीला पाठवलेले. मनीऑर्डर पोचली का आणि बैलाचा पाय बरा झाला का, एवढाच मजकूर. पाठवणाऱ्याच्या पत्त्यातले चाळीचे नाव पाण्याने पुसले गेले होते आणि शिल्लक होते ते फक्त ‘दुसरा माळा, गावकरी मंडळाची खोली, लालबाग, मुंबई 12’. ज्यांना ज्यांना ते दाखवले त्यांनी मला फोनवरचा नकाशा बघायला सांगितले. व्यायामशाळेच्या पायरीवर बसलेल्या आपण मात्र कार्ड उलटसुलट करून आधी विचारलेत, “गाव कुठलं?” मी चाळीवरून आजोबांचा माग काढू पाहत होते आणि आपण गावावरून चाळ काढलीत, कारण गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या एकट्या पुरुषांच्या खोल्या गावागावाच्या नावाने चालत, हे मला ठाऊकच नव्हते. आपण बोटांवर तीन चाळी मोजल्यात, त्यांतल्या एकीच्या जागी आता टॉवर आहे हे सांगून एक बोट मिटलेत, आणि उरलेल्या दोन्हींकडे लगेच जायला ठाम नकार दिलात. “आत्ता नको. रात्रपाळीची माणसं झोपलेली असतील. एक वाजून जाऊ दे.” गिरण्या बंद पडून इतकी वर्षे झाली, मग रात्रपाळी कसली, असे माझ्या मनात आले होते, पण तेव्हा मी विचारले नाही.

अशा रीतीने एक वाजेपर्यंतचा वेळ काढण्यासाठी म्हणून ती फेरी सुरू झाली. आपण माझ्या डाव्या बाजूने चालत होता, म्हणजे आपला उजवा कान माझ्याकडे राहत होता. उड्डाणपुलाखालच्या गोंगाटात आपण बोलणे सोडून हाताने खुणा करू लागलात आणि मग मला सांगितलेत की साच्यांच्या खडखडाटात माणसाचा आवाज कधीच पोचत नसे, त्यामुळे धोटा अडकला, सूत तुटले, मुकादम येतोय, या सगळ्याला खुणा ठरलेल्या होत्या. मुकादमाची खूण आपण अजून तितक्याच झोकात करता, काका. रस्ता ओलांडताना ट्रॅफिक पोलीस दिसला तेव्हा आपण तीच केलीत.

मी गिरणी कामगारांच्या 1982 च्या संपाबद्दल विचारले, तेव्हा आपण काही न बोलता मसाल्याच्या बाजारात शिरलात. ऐकू आले नसेल असे मला वाटले. दुकानासमोर ब्याडगी, काश्मिरी आणि लवंगी मिरच्यांच्या गोणी उघड्या होत्या, पलीकडे मसाला कुटायचा डंक चालू होता आणि दोन बायका जमिनीवर बसून मिरच्यांची देठे खुडत होत्या. आपण तिथे बराच वेळ उभे राहिलात. मग सांगितलेत की 18 जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, पहिले दोन-तीन महिने गावाकडच्या तांदळावर निघाले आणि उन्हाळा लागला तशा काकू इथे किलोमागे पैसे घेऊन देठे खुडायला येऊ लागल्या. घरी गेल्यावर खोबरेल चोळून, पीठ चोळून, किती वेळा धुऊनही हातांची आग जात नसे, म्हणून धाकट्याला त्या बोटांनी न धरता मनगटांत आणि कोपरांत धरून उचलत. संपाविषयी मी पुष्कळ वाचले होते. ते कोपरात उचललेले मूल मात्र मला कुठल्याच लिखाणात भेटले नव्हते, आणि माझ्या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला मिळाले नसते.

खाणावळी चालवणाऱ्या बायांचेही तेच. पगाराच्या दिवशी महिन्याचा हिशोब चुकता करणाऱ्या माणसांना त्या बाया उधारीवर जेवू घालत आणि स्वतः सावकाराकडून कर्ज काढत. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारल्यावर अशा कितीतरी जणींना बँकेचे दार पहिल्यांदा दिसले, हे सांगताना आपला आवाज एकदम कौतुकाचा झाला होता. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी 1890 च्या जूनपासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ही माहिती मी थोडी मिरवतच सांगितली, त्यावर आपण म्हणालात, “रविवार लोखंड्यांनी दिला, पण रविवारचं मटण खाणावळवालीनंच.” यावर मला काही बोलता आले नाही.

चिवडा गल्लीतून आपण पाव किलो चिवडा घेतलात आणि मला पैसे देऊ दिले नाहीत. करी रोडचा पूल ओलांडून आपण डिलाईल रोडला उतरलो, ज्याला मी पाटीवर लिहिल्याप्रमाणे ना. म. जोशी मार्ग म्हणत होते आणि आपण एकदाही म्हणाला नाहीत. बीडीडी चाळींपाशी थांबून आपण शंभर वर्षांच्या त्या काँक्रीटच्या इमारतींकडे पाहत एवढेच म्हणालात की 160 चौरस फुटांत माणसे राहिली आणि आता 500 मिळणार, तर उगाच गळे काढू नयेत. माझ्या तोंडावर आलेला उसासा मी तिथेच गिळला.

गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले, हे आपण इराण्याकडे ब्रुन पावाने समजावलेत. आधी पावाचे तीन वाटे केलेत: 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे एक मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी, एक मालकाला. मग तिन्ही वाटे एका बाजूला सरकवून बशीत सांडलेला चुरा बोटाने गोळा केलात आणि म्हणालात की 2001 च्या दुरुस्तीनंतर तीन वाटे पावाचे करायचे नव्हते, या चुऱ्याचे करायचे होते, म्हणजे ज्या जमिनीवर बांधकाम नव्हते तेवढीच वाटणीला आली. आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. कामगारांच्या घरांची 2012 ची सोडत, अर्जांचे गठ्ठे, हे सगळे आपण त्याच चुऱ्यावर बोट ठेवून सांगितलेत. पाव शेवटी मलाच खायला लावलात, चुरासुद्धा.

फिनिक्स मिलच्या जागेवरच्या मॉलमध्ये जपून ठेवलेल्या धुराच्या चिमणीचा मी फोटो काढू लागले, तेव्हा आपण हसलात, ते मला थोडे लागले. “तू वर बघतेस, बाय. आम्ही चिमणीकडे कधी बघितलं? आम्ही गेट बघायचो, गेट बंद व्हायच्या आत पोचलो की नाही ते.” गिरणगावावर लिहिताना प्रत्येक जण चिमणीपासून सुरुवात करतो, मीही करणार होते. आपल्या त्या एका वाक्यापायी मी ती चूक करता करता वाचले, त्याचे आभार वेगळे.

दीड वाजता आपण दुसऱ्या चाळीच्या दुसऱ्या माळ्यावर दार हलकेच वाजवलेत. आत पाच जण होते. गावाकडून केईएम रुग्णालयात तपासणीसाठी आलेले एक आजोबा भिंतीला टेकून बसले होते, दोन मुले जेवत होती आणि दोघे अजून झोपलेले होते, कारण ते ज्या मॉलमधून आपण नुकतेच आलो होतो तिथेच रात्री साफसफाईला जातात आणि सकाळी दिवसपाळीवाल्यांनी रिकाम्या केलेल्या चटयांवर येऊन पडतात. सकाळचा माझा न विचारलेला प्रश्न तिथे मिटला. भिंतीवर गावदेवीचा फोटो, त्याखाली वर्गणीची वही, आणि फळीवर पत्र्याच्या जुन्या ट्रंका. त्यांतल्या एकीवर आजोबांच्या नावाचे पहिले अक्षर पांढऱ्या रंगात होते. ही त्यांचीच, असे मी म्हणाले. आपण चष्मा पुसून नीट पाहिलेत. “नक्की नाही सांगता येणार. त्या अक्षराचे इथं चार-पाच जण तरी होते.” माझे मन राखायला हो म्हणणे सोपे होते, आणि ते आपण म्हणाला नाहीत, याबद्दल मी आपली सर्वांत जास्त ऋणी आहे. खोली तीच आहे, हे मात्र आपण वहीतल्या जुन्या नावांवर बोट ठेवून खात्रीने दाखवलेत.

चाळीच्या पुनर्विकासात ही खोली मंडळाच्या नावावर टिकवायला जुने पुरावे लागणार आहेत, असे निघताना आपण म्हणाला होता. म्हणून त्या पोस्टकार्डाच्या दोन रंगीत प्रती या पत्रासोबत पाठवत आहे. त्यावर टपाल खात्याचा 1971 चा शिक्का स्पष्ट वाचता येतो. मूळ कार्ड दाखवावे लागले तर नातीकरवी कळवावे, मी स्वतः घेऊन येईन, चिवड्याचे पैसेही घेऊन येईन, आणि एक वाजायच्या आत दार वाजवणार नाही.

आपली नम्र,
देवरुखकडची नात