कॉन्फिग लॉग उघडायला लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या लहान-मोठ्या ऑफिसांचे लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींकडून हे जाहीर आभारपत्र. तुमचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते "आधी लॉग पाठवा, स्क्रीनचा फोटो नको" एवढ्यावरून ओळखतील. ओपनएलडॅप (माणसांची खाती आणि पासवर्ड एका जागी ठेवणारा डिरेक्टरी सर्व्हर) सोर्स कोडपासून स्वतः बांधताना अडलेल्या प्रत्येकाला तुम्ही स्वतःची नोकरी सांभाळून, ऐरोली-ठाणे लोकलच्या गर्दीतूनसुद्धा उत्तरं देत आलात. नुसतं थँक्यू म्हणून हे फिटणार नाही. म्हणून तुम्ही जे सांगितलंत ते तपशिलासकट लिहून काढतो आहोत, म्हणजे नव्याने या कामात पडणाऱ्या पोरापोरींच्या हाताशी राहील.

मुळात डिस्ट्रोचं (रेड हॅट, डेबियन अशा लिनक्स प्रकाराचं) तयार पॅकेज सोडून सोर्सच्या वाटेला जायचंच कशाला, हे आधी तपासायला तुम्ही सांगता. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. रेड हॅटने एंटरप्राइज लिनक्स ८ पासून ओपनएलडॅपचा सर्व्हर पॅकेजांतून काढला, लायब्ररी आणि क्लायंट तेवढे ठेवले. डेबियन-उबुंटूवर सर्व्हर मिळतो, पण डेबियन १२ पर्यंतच्या आणि उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांत तो ओपनएसएसएलऐवजी ग्नूटीएलएसशी जोडलेला (दोन्ही टीएलएसच्या, म्हणजे एन्क्रिप्शनच्या, लायब्ररी). ज्यांना यातलं काहीच अडत नाही त्यांना तुम्ही सरळ पॅकेज टाकायला सांगून वाटेला लावता. त्याबद्दलही आभार, कारण असा सल्ला देणारं माणूस विरळा.

आता कॉन्फिग लॉगविषयी. बांधण्याआधी मशीनवर लागणाऱ्या गोष्टी तपासणारं कॉन्फिगर मध्येच थांबतं आणि पडद्यावर शेवटची ओळ उरते, 'कुड नॉट लोकेट टीएलएस/एसएसएल पॅकेज'. या ओळीत फक्त निकाल असतो. कारण असतं त्याच डिरेक्टरीतल्या कॉन्फिग डॉट लॉग या फाइलमध्ये, पण तिच्या तळाशी नाही. टेल मारली (फाइलचा शेवट पाहिला) तर दिसतो 'कॅश व्हेरिएबल्स', 'आउटपुट व्हेरिएबल्स' असा शेकडो ओळींचा ढीग. कॉन्फिगर मरताना तो ओतून जातं. तुमची रीत अशी: फाइल लेस या वाचायच्या कमांडने उघडायची, 'कॅश व्हेरिएबल्स' हे शीर्षक शोधायचं आणि तिथून वर सरकायचं. आधी लागतो कॉन्फिगरने चाचणीपुरता लिहिलेला इवलासा सी प्रोग्रॅम. त्याच्या डोक्यावर 'फेल्ड प्रोग्रॅम वॉज' असा मथळा, त्याच्या वर खरी एरर, आणि तिच्याही वर जीसीसी या सी कंपाइलरची अख्खी कमांड. ही एरर कुणाची आहे, कोडचं भाषांतर करणाऱ्या कंपाइलरची की लायब्ररी जोडणाऱ्या लिंकरची, एवढं ओळखलं की अर्धं काम झालं.

हेडर फाइल (लायब्ररीतल्या फंक्शनांची यादी असलेली) सापडत नाही अशी कंपाइलरची तक्रार असेल तर सीपीपीफ्लॅग्जमध्ये आय लावून इन्क्लूड डिरेक्टरी द्यायची. 'कॅनॉट फाइंड एल-एसएसएल' अशी लिंकरची तक्रार असेल तर एलडीफ्लॅग्जमध्ये मोठा एल लावून लायब्ररीची डिरेक्टरी. आणि 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असेल तर लायब्ररी सापडली आहे, पण बहुतेक भलतीच: हेडर एका आवृत्तीचे आणि लायब्ररी दुसरीच्या. ओपनएसएसएल ३ स्वतः बांधून यूएसआर लोकलमध्ये टाकलं की ६४ बिटच्या इंटेल-एएमडी मशीनवर त्याच्या लायब्ररी 'लिब' सोडून 'लिब६४' मध्ये जातात. हेडर मात्र नेहमीच्या जागी. मग हेडर नवे मिळतात, लायब्ररी डिस्ट्रोची जुनी.

"अहो, ओपनएसएसएल तर टाकलेलं आहे!" या वाक्याला तुमचं उत्तर आम्हाला आता पाठ आहे. लिंकरला हवी असते लिबएसएसएल डॉट एसओ या बिनआकड्याच्या नावाची लिंक. नेहमीच्या पॅकेजात असते ती लिबएसएसएल डॉट एसओ डॉट ३, ती प्रोग्रॅम चालवायला पुरते, बांधायला नाही. बिनआकड्याची लिंक आणि हेडर येतात डेव्हलपमेंट पॅकेजातून: डेबियन घराण्यात लिबएसएसएल-डेव्ह, लिबएसएएसएल२-डेव्ह, लिबएलटीडीएल-डेव्ह, रेड हॅट घराण्यात ओपनएसएसएल-डेव्हेल, सायरस-एसएएसएल-डेव्हेल, लिबटूल-एलटीडीएल-डेव्हेल. यातलं शेवटचं फक्त मॉड्यूल्स चालू केल्यावर लागतं. शिवाय ग्रॉफ. मॅन पेजेस तयार करताना 'सोएलिम' सापडत नाही म्हणून बिल्ड थांबतं, तेव्हा सी कोडमध्ये काहीही शोधायला जाऊ नये, ग्रॉफ टाकून मोकळं व्हावं.

पण थांबणारं कॉन्फिगर परवडलं, न थांबणारं नाही, असं तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे. टीएलएसचा पर्याय न देता कॉन्फिगर चालवलं आणि लायब्ररी सापडली नाही, तर ते फक्त एक वॉर्निंग टाकतं आणि टीएलएसशिवाय पुढे जातं. मेक होतं, इन्स्टॉल होतं, ३८९ पोर्टवर सर्व्हर उठतो. मग क्लायंटने स्टार्टटीएलएस (चालू जोडणी एन्क्रिप्ट करणं) मागितलं की उत्तर येतं 'प्रोटोकॉल एरर', खाली 'अनसपोर्टेड एक्स्टेंडेड ऑपरेशन', आणि माणूस सर्टिफिकेटं तपासत बसतो. विथ-टीएलएस बरोबर ओपनएसएसएल असं स्पष्ट लिहिलं की हीच गोष्ट वॉर्निंग न राहता एरर होते. सायरस एसएएसएल या लॉगिनच्या पद्धती पुरवणाऱ्या लायब्ररीचंही तसंच: तेही नाव घेऊन मागायचं, नाहीतर क्लायंट 'नॉट कम्पाइल्ड विथ एसएएसएल सपोर्ट' म्हणतो आणि रूटकडून सीएन-कॉन्फिग (सर्व्हरची स्वतःची कॉन्फिग) बदलण्याची सोपी वाट बंद होते. जे हवं ते नाव घेऊन मागा, कॉन्फिगरच्या मर्जीवर काही सोडू नका, हा तुमचा नियम आता आमच्या बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये सगळ्यात वर लिहिलेला आहे.

याच जातीची दुसरी गोष्ट. २०२१ साली आलेल्या ओपनएलडॅप २.५ मध्ये बीडीबी आणि एचडीबी हे डेटा साठवणारे बॅकएंड काढले गेले, एमडीबी राहिला. जुन्या लेखांतून उचललेला इनेबल-बीडीबी हा पर्याय दिला तर कॉन्फिगर 'अनरेकग्नाइज्ड ऑप्शन्स' एवढंच पुटपुटतं आणि पुढे चालतं. पर्यायाच्या नावात एक अक्षर चुकलं तरी हेच. म्हणून कॉन्फिगरचं सगळं आउटपुट फाइलमध्ये घ्यायचं आणि त्यात 'वॉर्निंग' हा शब्द शोधायचा. जुनाट २.४ नव्या मशीनवर बांधणाऱ्यांना तुम्ही आणखी एक सांगून ठेवलं आहे: मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून डिक्लेअर न केलेलं फंक्शन वापरणं ही वॉर्निंग न राहता एरर झाली. जुन्या कॉन्फिगरमधले ढिसाळ चाचणी-प्रोग्रॅम त्यामुळे आपटतात आणि मशीनवर असलेली सोय 'नाही' म्हणून नोंदली जाते.

पर्याय बदलून पुन्हा कॉन्फिगर करण्याआधी मेक डिस्टक्लीन. त्यानंतर मेक डिपेंड, मेक, मेक टेस्ट. टेस्ट वेळखाऊ आहे म्हणून लोक टाळतात. तिचे सर्व्हर मुळात ९०११ आणि त्यापुढच्या पोर्टवर उठतात. तिथे दुसरं काही ऐकत असेल तर कोड ठणठणीत असूनही टेस्ट पडते. स्लॅपडी-बेसपोर्ट हे व्हेरिएबल बदलून पुन्हा चालवायची, आणि तरी पडली तर टेस्टरन डिरेक्टरीतला स्लॅपडीचा (ओपनएलडॅपच्या सर्व्हर प्रोग्रॅमचा) लॉग वाचायचा.

बिल्ड झालं असं कळवल्यावर "अभिनंदन" न म्हणता तुम्ही एकच विचारता: "एलडीडी काय म्हणतंय?" एलडीडी म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या लायब्ररी उचलतो ते दाखवणारी कमांड. या प्रश्नाने किती जणांची रविवारची सुट्टी वाचवली असेल! यूएसआर लोकलमध्ये नवं ओपनएलडॅप टाकलं, 'शेअर्ड ऑब्जेक्ट सापडत नाही' आलं, म्हणून ती डिरेक्टरी एलडीकॉन्फिगच्या (अख्ख्या मशीनने लायब्ररी कुठे शोधायच्या त्या) यादीत घातली, की सर्व्हर उठतो. पण डिस्ट्रोच्या लायब्ररीचं एसओनेम (लायब्ररीत नोंदलेलं नाव) तेच असेल तर डिस्ट्रोचे बाकीचे प्रोग्रॅमही तुमच्याच लायब्ररीला लटकतात, आणि 'नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल' अशा ओळी भलत्याच कमांड चालवताना दिसू लागतात. तुमचा उपाय: प्रीफिक्स ऑप्टमधली स्वतंत्र डिरेक्टरी, आणि एलडीफ्लॅग्जमध्ये आरपाथ (बायनरीतच लिहिलेला लायब्ररीचा पाथ). म्हणजे आपला सर्व्हर आपल्या लायब्ररीकडे जातो, बाकीचं मशीन जसं होतं तसं राहतं. बायनरीत पाथ खरंच बसला का ते रीडएल्फच्या डी पर्यायाने दिसतं. तिथे बहुतेकदा 'रनपाथ' असं दिसेल. तो फक्त थेट जोडलेल्या लायब्ररींना लागू होतो, त्या लायब्ररी पुढे ज्यांना ओढतात त्यांना नाही. स्वतः बांधलेल्या ओपनएसएसएललाही म्हणूनच आरपाथ देऊनच बांधायचं.

एलडी-लायब्ररी-पाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल) बॅशआरसी या शेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये घालून काम भागवणाऱ्यांवर तुम्ही चिडता, तेही रास्तच. हाताने चालवला की सर्व्हर चालतो, सिस्टीमडीने (सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमने) उठवला की मरतो, कारण सिस्टीमडी कुणाची बॅशआरसी वाचत नाही.

मॉड्यूल्सचा किस्सा तर स्वतंत्र आभारांचा. 'एलटी-डीएलओपन-एक्स्ट फेल्ड', पुढे मॉड्यूलचं नाव आणि 'फाइल नॉट फाउंड'. एलएस करून पाहावं तर फाइल समोर आहे, परवानग्या ठीक आहेत, मॉड्यूलपाथ बरोबर आहे. हा संदेश मॉड्यूल लोड करणाऱ्या लिबएलटीडीएलचा, आणि तो फसवा आहे: मॉड्यूल ज्या लायब्ररीवर अवलंबून आहे ती उघडता आली नाही तरी ते 'फाइल नॉट फाउंड' असंच म्हणतं. त्याच मॉड्यूलच्या डॉट एसओ फाइलवर एलडीडी चालवलं की 'नॉट फाउंड'ची खरी ओळ दिसते. याउलट 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस टाइप एमडीबी' आलं तर बॅकएंड मॉड्यूल म्हणून बांधला आहे आणि मॉड्यूललोडची ओळ राहिली आहे. आत काय काय कायमचं बांधलं आहे ते स्लॅपडीला मोठा व्ही तीनदा देऊन विचारता येतं.

जुना डेटा नव्या बिल्डवर आणतानाचे तुमचे तीन इशारे थोडक्यात. जुन्या स्लॅपकॅटने काढायचं, नव्या स्लॅपअ‍ॅडने भरायचं. फाइली उचलून ठेवायच्या नाहीत. स्लॅपअ‍ॅड रूटने चालवलं तर डेटाबेसच्या फाइली रूटच्या नावावर होतात, म्हणून सर्व्हर उठवण्याआधी चोनने मालकी बदलायची. आणि २.५ पासून पीपॉलिसीचा (पासवर्डच्या नियमांचा) स्कीमा मॉड्यूलच्या आतच आहे, म्हणून जुन्या कॉन्फिगमधला वेगळा स्कीमा काढला नाही तर डुप्लिकेट म्हणून ते अडतं.

उबुंटूच्या ग्नूटीएलएसवाल्या पॅकेजातली कॉन्फिग ओपनएसएसएलवाल्या बिल्डला दिली की 'टीएलएस इनिट डेफ सीटीएक्स फेल्ड' ही ओळ ठरलेली. सायफर सूटमध्ये 'नॉर्मल' किंवा 'सिक्युअर२५६' ही ग्नूटीएलएसची भाषा असते, ओपनएसएसएलला 'हाय' वगैरे त्याची स्वतःची लागते. सायफर बरोबर असूनही ही ओळ आली तर प्रायव्हेट की ज्या युजरने सर्व्हर चालतो त्याला वाचता येते का ते बघायचं.

एमडीबीची मॅक्ससाइज (डेटाबेसचा कमाल आकार) मुळात १०४८५७६० बाइट, म्हणजे अवघी १० एमबी. शंभर-दोनशे माणसांच्या ऑफिसात फोटो भरले की 'एमडीबी मॅप फुल'. सुरुवातीलाच १ जीबी म्हणजे १०७३७४१८२४ द्यायला तुम्ही सांगता. फाइल स्पार्स (न वापरलेली जागा डिस्कवर न अडवणारी) असल्याने डिस्क तेवढी लगेच जात नाही. मात्र बॅकअपचं साधन स्पार्स फाइल ओळखणारं हवं.

शेवटचा तुमचा ऋणनिर्देश दीड मिनिटाच्या गूढाबद्दल. सर्व्हिस फाइलमध्ये टाइप नोटिफाय, पण सर्व्हर विथ-सिस्टीमडी न देता बांधलेला. सर्व्हर नीट उठतो, क्वेरीला उत्तरंही देतो, आणि बरोबर ९० सेकंदांनी सिस्टीमडी त्याला मारतो, कारण 'तयार आहे' हा निरोप त्याच्याकडे कधी पोचतच नाही. लॉगमध्ये स्लॅपडीची एकही तक्रार नसते. सिस्टीमडीच्या डेव्हलपमेंट पॅकेजासह पुन्हा बांधायचं, नाहीतर टाइप बदलायचा.

२.६ वर जायचं काम काही ऑफिसांत अजून बाकी आहे. तेव्हा फोन येतीलच. या वेळी लॉग आधी पाठवू.

आपले स्नेहांकित,
ठाणे-बेलापूर रस्त्यावरची सर्व्हरवाली मंडळी